दुसरीतल्या मुलीला पॉकेटमनी चालू करावा का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी दुसरीत आहे, दिसेल ते मागते, तर पॉकेटमनी द्यायचा का, घरकामाचे पैसे द्यायचे का आणि गल्ल्याने खरंच काही फरक पडतो का. मी बरीच वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवतेय, तर माझं मत सांगते.

पॉकेटमनी चालू कराच. पण किती द्यायचा यावर फार डोकं लावू नका, तो ठरलेल्या वारी मिळतो का ते बघा. थोडाच द्या, पण आठवड्याला द्या (या वयाला महिना म्हणजे खूपच लांब वाटतो) आणि तिने आठवण करून द्यायच्या आधी द्या. अमेरिकेतल्या रोचेस्टर युनिव्हर्सिटीचा २०१३ चा एक प्रयोग आहे, ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांवरचा. आधी मुलांना सांगितलं की थांब, समोर आहे त्याहून छान चित्रकलेचं सामान आणून देते. निम्म्यांना ते आणून दिलं आणि निम्म्यांना सॉरी, संपलंय म्हणून सांगितलं. मग सगळ्यांसमोर एकेक मार्शमॅलो (मऊ गोड खाऊ) ठेवलं, आत्ता खाल्लं नाहीस तर नंतर दोन मिळतील. ज्यांना आधी सामान मिळालं होतं ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची जेमतेम ३! म्हणजे ज्याला आपण हावरटपणा म्हणतो तो कितीदा तरी मोठ्यांच्या शब्दावरचा अविश्वास असतो. म्हणून हात जोडून सांगते, तिच्या गल्ल्यातले पैसे सुट्टे हवेत म्हणून परस्पर काढू नका आणि पाहुण्यांनी दिलेले "मी ठेवते" म्हणून घेतलेत तर ते कुठे आहेत ते तिला दिसू दे.

गल्ला बंद डब्याचा नको, पारदर्शक बरणी घ्या. पैसे चढताना दिसले पाहिजेत. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांत जमेल अशीच वस्तू ठरवा, तिचं चित्र बरणीवर चिकटवा.

आणि एक, या वयाच्या बऱ्याच मुलांना पाच छोटी नाणी एका मोठ्या नाण्यापेक्षा जास्त वाटतात, कारण ती किंमत नाही, नग मोजतात. रागवू नका, सुट्टे करून द्यायचा-घ्यायचा खेळ घरात रोज थोडा खेळा, आपोआप सुटतं. मोबाईलने पैसे देता तेव्हा तर मुलाला काहीच कमी होताना दिसत नाही, म्हणून निदान मोठ्याने बोला, आधी इतके होते, आता इतके उरले.

घरकामाचं म्हणाल तर मी विरोधात आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे, ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं त्यातल्या काहींना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढायला लागली. आता भांडी उचलणं म्हणजे चित्रकला नव्हे हे मान्य, पण स्वतःचं दप्तर, ताट, अंथरूण यांना पैसे लावले की "आज पैसे नकोत, मी नाही करत" हे उत्तर येतंच, आणि मग आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. नेहमीच्या कामापलीकडचं मोठं काम असेल तर एखादवेळी द्या.

सगळ्यात अवघड भाग तुमचा आहे. ती पहिल्याच दिवशी काहीतरी फालतू घेऊन सगळे संपवेल, ते दुसऱ्या दिवशी तुटेल आणि ती रडेल. तेव्हा जवळ घ्या, पण भरून देऊ नका, पुढच्या आठवड्याचे ॲडव्हान्स नको आणि "मी सांगितलं होतं" तर अजिबात नको. दुकानात हट्ट केला की एवढंच विचारायचं, तुझ्या बरणीतून घ्यायचंय का? बरीच मुलं तिथे थांबून विचार करतात. घ्यायचं म्हणाली तर घेऊ द्या, धोक्याची वस्तू सोडून.

रक्कम वर्षातून एकदाच वाढवा, इयत्ता बदलली की. मध्येच हट्टापायी नाही.