ग्रहणाचा गाजावाजा आणि आपण

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ठाण्याची, वय 58, शाळेतून नुकतीच रिटायर झाले. 2 ऑगस्ट 2027 चं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमधल्या लक्झरला सहा मिनिटांहून जास्त वेळ दिसणार म्हणून माझ्या दोन्ही नणंदा, त्यांचे मिस्टर आणि सोसायटीतली काही घरं टूर बुक करून बसलीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काउंटडाउन, टी-शर्टचा रंग कुठला यावर भांडणं, आणि "आयुष्यात एकदाच" हे तर इतक्यांदा ऐकलंय की ग्रहण म्हटलं तरी वैताग येतो. पण 1980 ला मी लहान असताना आजीने खिडक्यांना चादरी लावून आम्हाला आत बसवलं होतं आणि ते बघायचं राहिलं याची रुखरुख अजून आहे. घरी सासूबाई ग्रहण पाळतात, त्यांना हे सगळं थेर वाटतं. जावंसंही वाटतं, या गर्दीबरोबर नकोसंही वाटतं. मीच विचित्र आहे का?

उत्तर : अजिबात नाही हो. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्यात, एक ग्रहण आणि दुसरा त्याचा गाजावाजा, आणि वैताग तुम्हाला दुसऱ्याचा आलाय.

आधी ते "आयुष्यात एकदाच" बघू, कारण सगळं प्रेशर तिथूनच येतंय. पृथ्वीवर कुठे ना कुठे खग्रास ग्रहण साधारण दीड वर्षातून एकदा होतंच. एकाच गावात बसून वाट बघायची म्हटली तर मात्र सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात, म्हणून ते दुर्मिळ. म्हणजे जो प्रवास करू शकतो त्याच्यासाठी ही शेवटची गाडी नाहीये. 22 जुलै 2028 ला सिडनीतून खग्रास दिसणारे, आणि 20 मार्च 2034 ला तर चंद्राची सावली आपल्या काश्मीर-लडाखवरून जाणारे. लक्झरचं खास काय, तर तिथे जवळजवळ 6 मिनिटं 23 सेकंद मिळणार आणि ऑगस्टमध्ये ढग नसल्यातच जमा. पण त्याच ऑगस्टमध्ये दुपारी एकच्या आसपास उघड्यावर उभं राहायचंय, पारा चाळिशीच्या वर असतो, हे टूरवाले जरा हळू आवाजात सांगतात. बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता गर्दीबद्दल. इथे मी तुमच्याशी थोडी वाद घालणारे. 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रासची सावली कारवारच्या बाजूने शिरून कोणार्क-पुरीकडे गेली आणि एवढी मोठी गोष्ट डोक्यावर घडत असताना देशभर रस्ते ओस पडले होते, लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने दुपारी सिनेमा लावला होता. तुम्ही आत चादरीमागे होतात आणि तुमच्यासारखी लाखो मुलं तशीच होती. मग 24 ऑक्टोबर 1995, ऐन दिवाळीत, त्याच दूरदर्शनने ग्रहण लाइव्ह दाखवलं आणि राजस्थानातल्या नीम का थाना पासून बंगालच्या डायमंड हार्बरपर्यंत लोक मैदानात येऊन उभे राहिले. पंधरा वर्षांत हा फरक पडला, तो आपोआप नाही पडला, शाळाशाळांतून फिरून चष्मे वाटणाऱ्या, लोकांशी न चिडता बोलणाऱ्या माणसांनी तो पाडला. म्हणून ग्रहणाला गर्दी होते ना, याचा मला मनापासून आनंद होतो, टी-शर्टसकट होतो. तो टी-शर्ट तुम्ही घालायलाच पाहिजे असं मात्र कुठेय.

मी 95 ला नीम का थान्याला होते. सकाळी साडेआठची वेळ, एक मिनिटही पूर्ण नाही मिळालं आम्हाला. आधीची पंधरा-वीस मिनिटं उजेड विचित्र होत गेला, संध्याकाळचा पिवळा नाही, धातूसारखा करडा, आणि हाताच्या सावलीत केसन् केस वेगळा दिसायला लागला. थंडी वाजायला लागली तशा बायकांनी पदर गुंडाळून घेतले. मग एकदम काळोख, सूर्याच्या जागी काळी तबकडी आणि भोवती पांढरा प्रभामंडल, क्षितिजावर चारी बाजूंना तांबूस उजेड, आणि इतका वेळ गोंगाट करणारी सगळी माणसं एकाच वेळी ओरडली, मीही ओरडले, का ते विचारू नका. त्या क्षणी माझ्या बाजूला कोण होतं, ते मला आवडतं की नाही, काहीही आठवत नव्हतं. गर्दीचा त्रास आधी असतो आणि नंतर असतो, मधे नसतो.

आणि हे 99 टक्के ग्रहणात मिळत नाही बरं का. एक टक्का सूर्य शिल्लक असला तरी तो पौर्णिमेच्या चंद्राच्या हजारो पट उजेड देतो, काळोख होतच नाही, प्रभामंडल दिसत नाही. त्यामुळे "इथून थोडं दिसतंय की, कशाला जायचं" या म्हणण्यात अर्थ नाही. जायचं तर सावलीच्या पट्ट्यात जायचं, नाहीतर घरी बसायचं, पण ते ठरवून बसायचं, रुसून नाही.

मी तुमच्या जागी असते तर त्या ग्रुपबरोबर गेले नसते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासून काम करतेय, मुंबईत खगोल मंडळ आहे, अशा लोकांना जाऊन भेटा, त्यांच्याकडे ग्रहणं पाहून आलेली माणसं असतात, कोण कुठे आणि किती खर्चात जातंय ते तिथे कळेल. नणंदांना सरळ सांगा, मी येतेय पण वेगळी येतेय, किंवा या वेळी येत नाहीये. कारण देत बसू नका. आणि गेलात तर त्या सहा मिनिटांत मोबाइल पर्समध्ये. फोटो शेकड्याने मिळतील, तुमचे डोळे तिथे एकदाच असणारेत.

सासूबाईंबद्दल एकच सांगते. त्यांना थेर वाटतं म्हणून त्यांना मागासलेलं ठरवू नका. वेध कधी, स्पर्श कधी, मध्य कधी, मोक्ष कधी, हे मिनिटांसकट पंचांगात बघून घर चालवणारी ती पिढी आहे, ग्रहण नेमकं किती वाजता लागणार हे तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांना सांगता येईल? दाते पंचांग घेऊन त्यांच्याजवळ बसा. 2027 चं ग्रहण दिव्याच्या अवसेला येतंय आणि सोमवारही आहे, त्यांना यावर बोलायला खूप असेल. त्यांचं सूतक त्यांना पाळू द्या, जेवणात तुळशीचं पान पडल्याने कुणाचं बिघडत नाही. तुम्हाला कुणी चादरीमागे बसवत नाहीये तोवर भांडणाचं कारणच नाही.

प्रश्न : आम्ही मूळचे देवगडकडचे. विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकियर साहेबाने ग्रहण बघून हेलियम शोधला असं लहानपणापासून ऐकतोय, 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही होतो. आता मुलगा म्हणतो हे सगळं खोटं आहे. खरं काय?

उत्तर : 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास तुमच्या किनाऱ्यावरून गेलं हे खरं आहे. पण लॉकियर हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडातच होते. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते, त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे उजेड रंगारंगांत फोडून पाहिल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, तेजस्वी रेषा पाहिल्या आणि ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाला बघता येतील हे त्यांच्या लक्षात आलं. लॉकियरनी तेच ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून स्वतंत्रपणे करून दाखवलं आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नाही, नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, आहे असं पुढे मांडलं. म्हणजे मुलगा त्या एका मुद्द्यावर बरोबर आहे. पण किल्ल्यावरचे "साहेबाचे ओटे" बघायला मुलं येतात, हेलियम म्हणजे काय ते विचारतात, हे मला फार मोलाचं वाटतं. कार्यक्रम बंद करू नका, खरी गोष्ट सांगून करा, ती जास्त रंगतदार आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ग्रहणाच्या दिवशी काही पालक म्हणतात मुलांना वर्गाबाहेर काढू नका, काही म्हणतात दाखवलंच पाहिजे. मी मधे अडकते.

उत्तर : तुम्ही वर न बघता दाखवा, दोघांचंही समाधान होईल. स्वयंपाकघरातला झारा उन्हात धरा, खाली कागदावर जितकी भोकं तितक्या सूर्यकोरी पडतात. झाडाखाली न्या, पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी सांडलेल्या असतात, मुलं त्या पायाने झाकायला धावतात. 2 ऑगस्ट 2027 ला महाराष्ट्रातून दुपारनंतर थोडं खंडग्रास आहे, पाऊस उघडला तरच दिसेल, त्यामुळे मुलांना आधीपासून फार आशा लावू नका. वर बघायचं असेल तर आयएसओ 12312-2 (सूर्य बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) असं छापलेलेच चष्मे विश्वासू संस्थेकडून घ्या, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, परातीतलं पाणी, गॉगल यातलं काही नको. चष्म्याला चरा असेल तर तो फेकून द्या, आणि मुलांच्या हातात देण्याआधी प्रत्येक चष्मा बल्बसमोर धरून तपासा.