'क्वेंचिंग' : शमन, विझणं की झाकोळणं?

प्रश्न असा आहे: सोन्याच्या नॅनोक्लस्टरने (थोड्याच अणूंच्या, प्रकाश पडला की स्वतः चमकणाऱ्या पुंजक्याने) ग्लुकोज, पारा वगैरे ओळखण्याच्या पद्धतीवर मराठीत लिहिताना 'क्वेंचिंग'ला, म्हणजे दुसऱ्या पदार्थामुळे ही चमक घटण्याला, 'शमन' म्हणावं की साधं 'विझणं'? आणि ते घडवणाऱ्या पदार्थाला 'शामक' चालेल का?

'शमन' चालेल. अग्निशमन, तृष्णाशमन यांमुळे तो कानाला परका नाही. 'शामक' मात्र टाळावा, कारण वाचकाला लगेच वेदनाशामक गोळी आठवते. 'शमनकारक' बरा. क्रियापद हवं असेल तर 'मंदावणं' घ्या. तेज पार गेलं तरच 'विझलं' म्हणावं. लोहाराचं 'पाणी देणं' हेही क्वेंचिंगच, पण इथे त्याचं काही काम नाही.

खरी गोची पुढे आहे. तेज कमी दिसलं की सरसकट 'शमन' लिहिलं जातं, आणि ते बरेचदा चुकीचं असतं.

नेहमीचा क्लस्टर घेऊ. १० मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल ५ मिली आणि गाईच्या सीरम अल्ब्युमिनचं द्रावण (मिलीला ५० मिग्रॅ) ५ मिली, ३७° सेल्सिअसला जोरात ढवळत मिसळायचं. दोन मिनिटांनी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा मिली घालून १२ तास ठेवायचं. फिकं पिवळं द्रावण गडद तपकिरी होतं आणि अतिनील दिव्याखाली लाल दिसतं, तेज साधारण ६४० नॅनोमीटरला. भांडी आधी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या तीव्र मिश्रणाने) धुतलेली हवीत. द्रावण वाइनसारखं लालसर झालं तर मोठे कण बनले म्हणून समजा. त्यांना हे तेज नसतं.

यात पाऱ्याचे आयन घातले की ते पृष्ठभागावरच्या सोन्याच्या आयनांना चिकटतात आणि तेज मंदावतं. हे शमन. ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराने (एन्झाइमने) ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवलं आणि त्याने तेज घटलं, तेही शमन म्हणूनच नोंदवतात. पण नमुन्यात हिमोग्लोबिन असेल तर ते उत्तेजनाचा प्रकाश, म्हणजे क्लस्टरला चमकवण्यासाठी टाकलेला प्रकाश, स्वतःच गिळतं. क्लस्टरला काही झालेलं नसतं, त्याच्यापर्यंत उजेडच कमी पोचतो. याला 'झाकोळणं' म्हणावं, शमन नव्हे.

फरक आकड्यांत दिसतो. १ सेंमी रुंद क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषणांक (अ‍ॅब्सॉर्बन्स, नमुना किती प्रकाश गिळतो त्याचं माप) ०.३ असला आणि ६४० ला जवळजवळ शून्य, तर क्लस्टर जसाच्या तसा असूनही वाचन सुमारे २९ टक्के कमी येतं. दोन्ही तरंगलांबींच्या शोषणांकांची बेरीज करा, निम्मी करा, १० चा तेवढा घात काढा आणि वाचनाला त्याने गुणा (इथे १.४१). त्याहून सोपं म्हणजे शोषणांक ०.१ च्या खाली येईपर्यंत नमुना पातळ करणं. उत्तेजित अवस्थेचं आयुर्मान (प्रकाश शोषल्यावर तेज बाहेर पडेपर्यंतचा सरासरी वेळ) घटलं तर ते नुसतं झाकोळणं नव्हे, बहुधा धडकांमुळे होणारं गतिक शमन; तेवढंच राहिलं तर स्थितिक शमन (पदार्थ आधीच क्लस्टरला चिकटून बसल्याने होणारं) किंवा झाकोळणं, दोन्ही शक्य. म्हणून शोषणांक मोजल्याशिवाय 'शमन' लिहू नये.

उलट प्रकारही आहे. तांब्याच्या आयनांनी मंदावलेल्या क्लस्टरमध्ये हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) किंवा ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घातलं की ते तांबं ओढून घेतं आणि तेज परततं. याला 'पुन्हा उजळणं' पुरेसं आहे. पेरॉक्साइडने घटलेलं तेज मात्र असं परतत नाही, कारण तिथे क्लस्टरचंच ऑक्सिडीकरण झालेलं असतं. काटेकोर लिहायचं तर तिथे 'शमन'ऐवजी 'ऱ्हास' लिहा.