ॲपवर ५७५ हर्ट्झ आलं आणि लांबून काढलेला फोटो आहे, एवढ्यावरून भोंगा कुठला ते पक्कं सांगता येईल का?

नाही. तुम्ही लिहिलंय की ५७५ भोंग्यांच्या सुरांच्या चार्टमध्ये शोधलं तर एक मॉडेल सापडलं आणि फोटोत आडव्या मोटरच्या दोन्ही टोकांना गोल डबे दिसतायत, मग ओळख झालीच ना. नाही झाली. नेमका हाच आकडा माझ्या आणि माझ्या चुलतभावाच्या वादात होता म्हणून एवढं लिहितेय.

माझे वडील इलेक्ट्रिशियन, एका कारखान्याच्या छतावरचा भोंगा त्यांच्याकडे असायचा, त्यामुळे कळायला लागल्यापासून तो आवाज माझ्या कानात आहे. गाणं शिकायला लागले तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन, लक्षात आलं की यात सूर एक नाही, दोन आहेत, आणि खालचा सा धरला तर वरचा बरोब्बर कोमल ग. घरात सांगितलं तर दादा, म्हणजे हाच चुलतभाऊ, म्हणाला तुला सगळीकडे गाणंच ऐकू येतं, मशीनला कसला आलाय गंधार. पुढे फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारी ॲप आली, त्याने टेस्टिंगच्या दिवशी गच्चीतून रेकॉर्ड केलं आणि स्क्रीनवर दोन टोकं उभी राहिली, एक ४७९ ला आणि एक ५७५ ला. नेटवरच्या चार्टमध्ये ५७५ पुढे दहा खिडक्यांचा, एका सुराचा भोंगा होता, झालं, तोच म्हणे हा. मग ४७९ चं काय? तर समोरच्या भिंतीचा प्रतिध्वनी. अरे, प्रतिध्वनीने सूर खाली उतरतो का कधी?

आता गणित बघा. भोंग्याचा सूर म्हणजे खिडक्यांची (हवा बाहेर पडते त्या फटींची) संख्या गुणिले रोटरचे, म्हणजे आत फिरणाऱ्या चाकाचे, सेकंदाचे फेरे, बाकी काही नाही. तो चार्ट होता ६० हर्ट्झ विजेवर चालणाऱ्या भोंग्यांचा. तिथे टू-पोल (दोन चुंबकी ध्रुवांची) मोटर स्लिप, म्हणजे विजेच्या वेगापेक्षा थोडी मागे राहणं, धरून मिनिटाला ३४५० च्या आसपास फिरते, सेकंदाला साडेसत्तावन्न फेरे, दहा खिडक्या, ५७५. आमचा पुरवठा ५० हर्ट्झचा, तीच मोटर इथे २८७५ ने फिरणार, म्हणजे दहा खिडक्यांना ४७९ आणि बाराला ५७५. म्हणजे दादाने बाराचा सूर दहाच्या रकान्यात बसवला आणि दहाचा खरा सूर प्रतिध्वनी म्हणून फेकून दिला. पुरवठा कुठलाही असो, बारा भागिले दहा १.२ च राहतं, आणि १.२ म्हणजेच कोमल ग. आकडा बदलतो, दोन सुरांमधलं अंतर बदलत नाही, कान तेच पकडत होता.

तरी तो ऐकेना. शेवटी मेंटेनन्सच्या दिवशी वडिलांबरोबर वर गेले. त्यांनी आधी आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य खटका, पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले आणि मगच मला शिडी चढू दिली. जाळीत कबुतरांची पिसं आणि काड्या गच्च भरलेल्या, ग्रीस काळं पडून दगडासारखं झालेलं. वडिलांनी जाळी काढली, मी एका खिडकीवर खडूने रेघ मारली आणि बोट ठेवत गोल फिरून मोजलं. एका टोकाला दहा. दुसऱ्या टोकाला बारा. तीनदा मोजलं, हात ग्रीसने काळे झाले. फोटो दादाला पाठवला, उत्तर आलं 'ओके'. आणि आता चार लोकांत सांगताना हा भोंगा दोन सुरांचा आहे हे ॲपवर आपणच ओळखलं असं सांगतो. मला याचा आजही राग आहे.

तुमच्या फोटोबद्दल. दोन टोकांना दोन डबे असतील तर दोन रोटर असणार हे उघड आहे, पण कंपनी त्यावरून ठरत नाही. ब्रिटनचे दुसऱ्या महायुद्धातले भोंगे याच ठेवणीचे, दहा-बारा खिडक्यांचे होते आणि तशी रचना पुढे बऱ्याच जणांनी केली. अंतर सा-प असेल तर आठ-बारा, सा-म असेल तर नऊ-बारा. जर्मनीचा ई-५७ एका सुराचा, ४२० हर्ट्झच्या आसपास, वर मश्रूमसारखी टोपी, तो फोटोवरूनही कळतो. फिरणारा भोंगा असेल तर आवाज लहान-मोठा होत राहतो पण सूर तिथेच असतो, लोक यालाच चढउतार समजून मोकळे होतात. इलेक्ट्रॉनिक असेल तर एकावर एक रचलेले कर्णे किंवा थाळ्या दिसतील.

रेकॉर्डिंग वीज तोडल्यावरही चालू ठेवा, शेवटची घरघरच महत्त्वाची. रोटर जड असतो, तो हळूहळू थांबतो आणि दोन्ही सूर एकमेकांतलं अंतर न सोडता खाली येतात. लोक नेमके तिथेच रेकॉर्डिंग बंद करतात!

हां, आणि एक-दोन गोष्टी राहिल्या. काही मोटरवाल्या भोंग्यांना ब्रेक असतो, ते पटकन थांबतात, आणि इलेक्ट्रॉनिकवालेही उतरता आवाज काढू शकतात, तेव्हा नुसत्या घरघरीवर निकाल देऊ नका. बॅटरीवरचा डीसी मोटरचा असेल तर वरचं ५०-६० चं गणित लागू नाही, बॅटरी उतरली की सूरही उतरतो. मोजायला एकट्याने वर चढू नका, बरेच भोंगे लांबून चालू होतात आणि तुम्ही जाळीपाशी असताना सुरू झाला तर कान गेलेच समजा. क्रायस्लरचा १९५२ चा व्ही-८ इंजिनवाला भोंगा शंभर फुटांवर १३८ डेसिबल होता. तुमचा तेवढा मोठा नसेल, पण तुम्ही शंभर फुटांवरही नसाल.

आधी तुमच्याकडे वीज किती हर्ट्झची ते बघा आणि ॲपमध्ये ४७९ (५० हर्ट्झला दहा खिडक्यांचा सूर) किंवा ६९० (६० हर्ट्झला बारांचा) च्या आसपास दुसरं टोक आहे का ते शोधा. असेल तर त्याला प्रतिध्वनी म्हणू नका.