गुहागरला राहतो. मुंबईच्या डीलरकडून ओपन-बॉक्स अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर मागवावेत का?

नव्यापेक्षा पाव किमतीने स्वस्त मिळतंय, पण समुद्राकाठी टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. ओपन-बॉक्स असेल तर जरूर घ्या. रिफर्बिश्ड असेल तर आत काय बदललं ते बिलावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर सोडून द्या. दुकानात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने फेकतात आणि फसगत तिथेच होते. डेमोला लावलेला किंवा गिऱ्हाइकाने न आवडून परत केलेला माल म्हणजे ओपन-बॉक्स, बिघडला म्हणून परत आलेला आणि उघडून दुरुस्त केलेला माल म्हणजे रिफर्बिश्ड.

मी रत्नागिरीत राहतो, किनारा घरापासून पाच मिनिटांवर. माझा पहिला अ‍ॅम्प ‘ओपन-बॉक्स’ म्हणूनच घेतला होता. वैशाखात उत्तम वाजला. आषाढात उजवा स्पीकर मधूनच गप्प होऊ लागला. आवाज चढवला की सुरू, उतरवला की पुन्हा गायब. उघडल्यावर कळलं, स्पीकरच्या रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या आपोआप स्विचचे, कॉन्टॅक्ट काळे पडले होते. झाकणाच्या स्क्रूंवर आधीच पेचकस फिरल्याच्या खुणा होत्या, आणि खोक्यावरचा सिरीयल नंबर मागच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. घेताना मी मागची बाजू बघितलीच नव्हती. आपल्याकडच्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे मुंबईत दबून राहिलेला दोष इथे एका पावसाळ्यात वर येतो.

म्हणून माल हलक्या आवाजात तपासा. दुकानात चढ्या आवाजातच ऐकवतात, आणि रिलेचा दोष त्यातच लपतो. नुसत्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा, आवाज अगदी कमी ठेवा आणि अर्धा तास बसा. आवाजाचं बटण सावकाश फिरवा, खरखर येते का ऐका. मग ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातलं एखादं नाट्यपद लावा. ती रेकॉर्डिंगं मोनो असतात, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच आवाज, त्यामुळे गळा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. एका बाजूला कलला तर काहीतरी चुकतंय. ओळखीचा वायरमन असेल तर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून अ‍ॅम्पच्या मागे स्पीकरच्या तारा जोडतात त्या टर्मिनलवरचा डीसी व्होल्टेज मोजायला सांगा. काही मिलिव्होल्ट चालतात. १०० च्या वर गेला तर तो अ‍ॅम्प घेऊ नका, आत दोष असू शकतो आणि तो वाढला तर स्पीकरची कॉइल जळू शकते.

मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय ना, तेही बघा. १०० व्होल्ट असेल तर तो माल जपानच्या बाजारासाठी बनवलेला आहे, १२० असेल तर अमेरिकेच्या. इथे त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि कंपनीच्या इथल्या वॉरंटीची आशा धरू नका.

स्पीकरच्या कोनभोवतीची, म्हणजे हलणाऱ्या पडद्याभोवतीची, कडा फोमची की रबराची, हे फोटोत नीट मागून घ्या. दमट हवेत जुना फोम भुसभुशीत होतो, बोट लावलं की तुकडे पडतात. किनाऱ्यावर रबरच घ्यावं, इथे मी तडजोड करणार नाही.

खोक्यातलं मूळ थर्माकोल आहे का, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. जड ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प कागदाच्या बोळ्यांत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकला, तर कशेडी आणि भोस्ते घाट उतरेपर्यंत आतल्या सर्किटच्या पाटीला तडा जाऊ शकतो. खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा.

पैसे देण्याआधी जीएसटीचं बिल, त्यावर सिरीयल नंबर, ‘ओपन-बॉक्स’ हा शब्द आणि परत घेण्याची मुदत, एवढं लेखी हवं. वॉरंटी तुमच्या बिलापासून की पहिल्या गिऱ्हाइकाच्या, तेही विचारा. वाद झालाच तर मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून बघा.

घरी आणल्यावर जांभ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, भिंत ओल सोडते. पावसाळ्यात रोज तासभर तरी वाजवा, आतल्या उबेने ओल टिकत नाही. बंद असताना वर कापड घाला, नाहीतर जाळीतून पाल आत शिरते आणि पाटीवर शॉर्ट करते. लावण्याआधी मात्र कापड आठवणीने काढा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा.

मागवायचं तर दिवाळीनंतर मागवा, परत करायची मुदत कोरड्या दिवसांत मिळते. मागच्या पट्टीचा फोटो आला की इथे टाका, मी बघून सांगतो.