समुद्रकिनाऱ्यालगतची सपाट मॅरेथॉन खरंच सोपी असते का?

वेळ चांगली लागते, पण पायांना सोपी म्हणता येणार नाही. चढ-उतार नसले की ४२.१९५ किलोमीटर तेच स्नायू त्याच लयीत राबतात. तिसाव्या किलोमीटरनंतर पोटऱ्या कुरकुरायला लागतात. खरी डोकेदुखी मात्र वाऱ्याची. जाऊन परत यायचा मार्ग असेल, तर समोरचा वारा जेवढा वेळ खातो तेवढा पाठीवरचा परत देत नाही. तेव्हा घड्याळातला पेस (दर किलोमीटरला लागणारा वेळ) विसरा, दम सारखा ठेवा आणि वारा अडावा म्हणून धावणाऱ्यांच्या घोळक्याच्या मागे राहा (संकोच कसला, सगळेच राहतात). हवा दमट असली की घाम वाळत नाही, म्हणून सुरुवात ठरवल्यापेक्षा किंचित हळूच करा. देखावा पहिल्या अर्ध्यातच बघून घ्या. आणि टोपी हवीच, सावली सहसा नसते.