तंबाखूच्या पाइपचं भोक वर निघालं आणि दांडा तडकला, तर ब्रायर लाकडाचा ठोकळा फेकून द्यावा का?

लगेच फेकू नका. तुम्ही लिहिलंय की धुराचं भोक तंबाखू भरायच्या वाटीच्या तळाशी न निघता वर निघालं आणि तोंडाची नळी बसवताना दांडा तडकला. पुण्यात गच्चीवरच्या खोलीत काम करताना माझ्याकडून ही दोन्ही नुकसानं झाली आहेत.

भोक तळापासून एक-दोन मिलिमीटरच वर असेल तर सिगारची राख पाण्यात कालवून तळाला लिंपा आणि पूर्ण वाळू द्या. इपॉक्सी किंवा फेविकॉल तिथे अजिबात नको. निखारा तिथेच असतो आणि तो धूर तुमच्या तोंडात येणार. भोक त्याहून वर असेल, तर तो ठोकळा कानस आणि पॉलिश पेपरच्या सरावाला ठेवा. तळाची तंबाखू ओली राहून असा पाइप सारखा विझतो.

बहुतेक तुम्ही भोकं पाडण्याआधीच आकार काढलात. मीही पहिले दोन ठोकळे असेच घालवले आणि फार हळहळलो, कारण ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची मुळाजवळची गाठ, तासन् तास उकळून महिनोन् महिने वाळवलेली. आपल्या टिंबर मार्केटात ती मिळत नाही. म्हणून ठोकळा चौकोनी असतानाच बाजूवर पेन्सिलीने दोन्ही भोकं आखा. साधारण २० मिलिमीटरची वाटी, ४ मिलिमीटरचं धुराचं भोक. लांब ड्रिल बिट वाकतं, तेव्हा सुरुवात आखूड बिटने करा आणि मध्येमध्ये बाहेर काढून भुसा झाडा.

ठोकळा व्हाइसमध्येच आवळा. मी हातात धरला होता. बिट अडकलं, ठोकळा गरकन फिरला आणि अंगठ्याला चार टाके पडले. फिरत्या बिटजवळ हातमोजेही घालू नका, ते आत ओढले जातात. मास्क मात्र हवाच.

आता तडा. पावसाळ्यात लाकूड फुगून दांड्यातली नळी बसायची खाच आवळते, आणि तेव्हा नळी जोर लावून बसवली की दांडा उलतो. तडा संपतो तिथे एक मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग पातळ फेविक्विक सोडा आणि बाहेरून पितळी कडं बसवा. नळीचं टोक थोडं घासून सैल करा. पाइप गरम असताना नळी कधी उपसू नका.

तडा वाटीपर्यंत पोचलाय का, ते कळवा. पोचला असेल तर तो पाइप पेटवू नका.