हा मध नक्की कुठला?

प्रश्न : महाबळेश्वरला रस्त्याकडेच्या दुकानातून ‘इथलाच’ म्हणून मध घेतला. पाण्यात टाकला तर तळाशी बसला, काडीला लावून पेटवूनही पाहिला. पण तो तिथलाच आहे, हे प्रयोगशाळेत कळेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : पाण्याचा आणि काडीचा प्रयोग सोडून द्या. साखरेचा घट्ट पाकही तळाशीच बसतो.

माझी सगळी नोकरी मधाचे नमुने तपासण्यात गेली. पहिली नजर परागांवर. दहा ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की पराग तळाशी जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळाचा पराग तिकोनी दिसतो. निलगिरीचाही तसाच, कारण दोन्ही एकाच कुळातली झाडं. त्यांतला फरक ओळखायला नजर तयार व्हावी लागते. जांभूळ, हिरडा, गेळा एकत्र सापडले तर घाटमाथ्याकडे बोट जातं. मोहरीचाच भरणा असेल, तर मध उत्तरेतून आलेला असण्याची शक्यता मोठी.

पण बारीक गाळणीतून काढलेल्या मधात पराग उरतच नाहीत. तिथे रसायनशास्त्र लागतं. मला त्यात सर्वांत भरवशाचं वाटतं ते स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य. झाड जमिनीतून ते किंचित शोषतं आणि त्याच्या ८७ व ८६ या दोन समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण मकरंदातून मधापर्यंत जवळपास जसंच्या तसं येतं. महाबळेश्वरच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे तिथल्या काळ्या खडकात, हे प्रमाण ०.७०५ च्या आसपास असतं. हिमालयातून वाहून आलेल्या गंगेच्या गाळात ते ०.७२ च्याही वर जातं. पाऊस आणि धूळ यांमुळे आकडा थोडा सरकतो, तरी एवढी दरी बुजत नाही.

अडचण यंत्राची नाही, तुलनेची आहे. अमेरिकेला निघणाऱ्या मधाला २०२० पासून एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात ठेवून मधातले घटक ओळखणारी) चाचणी सक्तीची झाली. त्या चाचणीत मधाचा आलेख आधीच्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. परदेशी मेलिफेरा माशीच्या मधावर उभा असलेला संग्रह आपल्या सातेरीच्या किंवा आग्याच्या मधाला न्याय कसा देणार? महाबळेश्वर-जावळीच्या पेट्यांतून दर हंगामाला, आणि कारवी फुलते त्या वर्षी तर आवर्जून, मधपाळांच्या समोर काढलेला मध जपून ठेवायला हवा. हे काम व्हावं अशी माझी फार मनापासून इच्छा आहे. त्याशिवाय ‘इथलाच’ हा शब्द कोणती प्रयोगशाळा छातीठोकपणे लिहून देईल?

म्हणून तुम्ही ‘हा कुठला?’ असं विचारू नका. ‘हा महाबळेश्वरचा नाही, असं काही दिसतं का?’ असं विचारा. याचं उत्तर बरंच ठाम मिळू शकतं. शिवाय भेसळही बघून घ्या. उसाची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते. तांदळाचा पाक त्या चाचणीतून निसटतो, त्याची तपासणी वेगळी मागून घ्या.